आबांच्या ट्रंकेतलं पिस्तूल

सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावातून शिक्षिका असलेल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. दिवाळीत माहेरच्या वाड्याच्या वाटणीसाठी भावकी जमली. माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली काढली, तेव्हा धोतरं आणि पट्टीच्या पावत्यांच्या गठ्ठ्याखाली तेलकट रुमालात गुंडाळलेलं एक पिस्तूल निघालं. सोबत एका चपट्या डबीत चार काडतुसं होती. ट्रंक आबांची, म्हणजे ताईंच्या आजोबांची. घरात याच्या दोन गोष्टी सांगतात. तात्या म्हणतात, पणजोबा पहिल्या महायुद्धात इराकातल्या बसऱ्याकडे गेले होते, त्यांनी तिकडून आणलं. आत्या म्हणतात, आबा पत्री सरकारात, म्हणजे सातारा भागात इंग्रजांविरुद्ध चाललेल्या प्रतिसरकारात होते, त्यांनी एका गोऱ्या साहेबाकडून हिसकावलं. ताईंनी फोटो काढून त्यावरचे शिक्के आणि नंबर कागदावर उतरवले आहेत. वरच्या पट्टीवर 'मार्क ४', '.३८' आणि '१४५/२००' असं आहे. उजव्या अंगाला 'वॉर फिनिश', एक बारीक बाणाचं टोक आणि पाच आकडी नंबर आहे. एका काडतुसाच्या बुडावर 'के', 'एफ' आणि '४४' दिसतं. चुलतभावाचं म्हणणं असं की फक्त दोनशे नग बनले आणि हा त्यातला एकशे पंचेचाळिसावा. त्याने फोटो कुणाला तरी पाठवला आणि समोरून पाच लाखांचा आकडा आला. धाकटे काका म्हणतात, रात्री कृष्णेत टाकून द्या, पोलिसांचं झेंगट नको. ताई विचारतात: या नंबरावरून नेमकं काय कळेल? वस्तू पुराणी असल्यामुळे लायसनची गरज नाही, हे खरं का? आणि दोघांपैकी कुणाची गोष्ट खरी?

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. उतरवलेले शिक्के तर चारदा. नोकरीची वीस वर्षं मी जुन्या वस्तूंच्या नोंदी करण्यात घालवली आणि वस्तूवरचं अक्षर न् अक्षर इतक्या निगुतीने लिहून पाठवणारं पत्र फार क्वचित हाती आलं. त्यामुळे तुम्हाला काय सापडलं आहे ते मी बऱ्याच खात्रीने सांगू शकते. पण त्याआधी एक विनंती. हे वाचत असताना ते जिथे आहे तिथेच असू द्या. उघडून बघू नका, चाप ओढून बघू नका, कुणाला दाखवायला काढू नका. आत काडतूस नाही याची खात्री तुम्हाला नाही, मलाही नाही. जंग निघावा म्हणून पॉलिश पेपर तर अजिबात लावू नका, कारण त्या घासण्यात सगळ्यात आधी शिक्केच जातात.

आता ओळख. तुमच्या घरात त्याला पिस्तूल म्हणतात, पण ज्यात काडतुसांची फिरती चकरी असते ते रिव्हॉल्व्हर. तुम्ही लिहिता की डाव्या बाजूला अंगठ्याने दाबायची कळ आहे, बिजागरी नळीच्या बुडाशी चापाच्या पुढे आहे आणि मुठीच्या तळाला दोरी अडकवायची कडी आहे. मधोमध मोडून नळी खाली झुकणारी ही रचना बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीची ओळखखूण. 'मार्क ४' आणि '.३८' हे दोन्ही एकत्र असल्यामुळे ते वेब्लीचं अडतीस बोरचं चौथं मॉडेल ठरतं. 'मार्क ४' एवढंच असतं तर मी थांबले असते, कारण याच कंपनीने १८९९ मध्ये .४५५ या मोठ्या बोरमध्येही एक 'मार्क ४' काढलं होतं. म्हणून मॉडेल आणि बोर कायम जोडीने वाचायचे.

'१४५/२००' चा नगांच्या संख्येशी काहीच संबंध नाही. ती गोळीची वजनं आहेत, ग्रेन या मापात. दोनशे ग्रेन म्हणजे साधारण तेरा ग्रॅम, एकशे पंचेचाळीस म्हणजे साडेनऊच्या आसपास. या वजनांच्या गोळ्यांचं काडतूस यात चालतं, इतकाच त्या अक्षरांचा अर्थ. तुमच्या भावाला हे जरा प्रेमाने सांगा. आकड्यामधली तिरकी रेघ पाहून कुणालाही तसंच वाटलं असतं. हे रिव्हॉल्व्हर युद्धासाठी मोठ्या संख्येने बनलं. दुर्मीळ म्हणून जो पाच लाख देतोय त्याला हे माहीत नसेल, किंवा चांगलं माहीत असेल आणि त्याला ते वेगळ्याच कामासाठी हवं असेल. दुसरी शक्यता मला जास्त भिववते.

सगळ्यात बोलका शिक्का 'वॉर फिनिश' हा आहे. दुसऱ्या महायुद्धात मागणी इतकी वाढली की पूर्वीसारखी चकचकीत पॉलिश करायला वेळ उरला नाही. कंपनीने खडबडीत अंगाचीच शस्त्रं बाहेर काढली, आणि हा कमीपणा कारागिराचा नाही, युद्धाचा आहे, हे त्यावर ठोकून ठेवलं. म्हणजे तुमच्या ट्रंकेतली वस्तू १९३९ ते १९४५ च्या घाईतली आहे. इथे तात्यांची गोष्ट संपते, ताई. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौजेकडे वेब्लीचीच रिव्हॉल्व्हरं होती, पण ती .४५५ ची. १९१५ मध्ये स्वीकारलेलं 'मार्क ६' त्यातलं सगळ्यात ओळखीचं. शिवाय आपल्या भागातून गेलेल्या शिपायाच्या हाती रायफल असे, रिव्हॉल्व्हर अधिकाऱ्याकडे. पणजोबा बसऱ्याला गेलेच नाहीत असं यातून निघत नाही. सातारा-सांगलीकडची माणसं त्या युद्धात मोठ्या संख्येने गेली, अपशिंग्यासारख्या गावाच्या नावालाच 'मिलिटरी' हा शब्द चिकटला. फक्त ही वस्तू त्यांनी आणलेली नाही.

मग आत्यांची गोष्ट? काडतुसाकडे बघा. 'के एफ' म्हणजे किरकी फॅक्टरी, आपल्या पुण्याजवळचा खडकीचा दारूगोळा कारखाना, १८६९ पासूनचा. '४४' म्हणजे १९४४. तेव्हा निदान ते एक काडतूस तरी १९४४ च्या आधी या ट्रंकेत आलेलं असू शकत नाही. प्रतिसरकार १९४३ पासून १९४६ पर्यंत चाललं. तुमचं गाव तेव्हा सातारा जिल्ह्यातच होतं, दक्षिण सातारा वेगळा झाला तो १९४९ मध्ये, आणि त्याचं नाव सांगली झालं १९६० मध्ये. काळ जुळतो. आत्यांची गोष्ट शक्य आहे. ती सिद्ध मात्र होत नाही, कारण १९४६ नंतरही, अगदी पन्नासच्या दशकातही, ते आबांकडे दुसऱ्या वाटेने येऊ शकतं. बाणाच्या टोकाचा शिक्का म्हणजे ब्रिटिश सरकारची मालमत्ता. सरकारने वस्तू रीतसर विकून टाकली की असे दोन बाण टोकाला टोक लावून ठोकण्याची पद्धत होती. तुम्हाला एकच बाण दिसला. दुसरा पुसला गेला आहे की नव्हताच, हे तुमच्या फोटोतून मला ठरवता येत नाही, आणि तो नसला तरी त्याने 'हिसकावलं' हा शब्द सिद्ध होत नाही.

आता नंबर. मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त ज्याबद्दल बोलावंसं वाटलं ते हेच, कारण असं समजणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. गाडीचा नंबर टाकला की मालकाचं नाव येतं, तसं याही नंबराचं असेल असं लोकांना वाटतं. प्रत्येक कंपनी आपले आकडे स्वतंत्र चालवते, आणि बऱ्याचदा प्रत्येक मॉडेलला नव्याने. त्यामुळे तुमच्याच पाच आकड्यांचं एखादं कोल्ट असू शकेल, एखादं स्मिथ अँड वेसन असू शकेल. कंपनी, मॉडेल आणि बोर हे तीन ठरल्यावरच नंबराला अर्थ येतो, आणि तेव्हाही तो कारखान्यातून साधारण कधी बाहेर पडलं ते सांगतो. कुणाच्या कमरेला होतं, कुणी कुणाकडून घेतलं, हे नंबरात नसतं. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपन्यांच्या जुन्या नोंदींवरून फी भरून पत्र मिळवता येतं, पण तेही बहुतेक वेळा कारखान्यातून माल कोणत्या दुकानाला किंवा सरकारला गेला तिथवरच.

दुसरं असं की प्रत्येक आकडा म्हणजे नंबर नव्हे. पेटंटचा आकडा असतो, जुळणीच्या वेळी सुट्या भागांवर टाकलेला बारीक आकडा असतो, विकणाऱ्या दुकानाने टाकलेला असतो. खरा नंबर वेब्लीच्या सांगाड्यावर असतो आणि नळीवर, चकरीवर पुन्हा टाकलेला असतो. तिन्ही जुळले तर वस्तू कारखान्यातून निघाली तशीच आहे असं समजायचं. हे जुळवून बघायचं काम तुमचं नाही, ते पुढे पंचनाम्यात होईल.

तुमचं पत्र छापल्यावर आणखी चार घरांत ट्रंका उघडल्या जातील हे मला माहीत आहे, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. आधी न उघडता, नुसत्या नजरेने रचना बघा: नळी खाली झुकते, की चकरी बाजूला निघते, की सांगाडा बंद असून बाजूच्या छोट्या झडपेतून एकेक काडतूस भरायचं आहे. चकरी बाजूला निघत असेल आणि मुठीच्या तळाला 'व्ही' अक्षराने सुरू होणारा नंबर असेल, तर ते युद्धकाळातलं स्मिथ अँड वेसन असण्याची शक्यता मोठी. मग चाचणीचे शिक्के. मुकुटाखाली 'बी पी', 'बी व्ही', 'एन पी' ही अक्षरं बर्मिंगहॅमच्या चाचणीघराची, १९०४ नंतरची. अंडाकृती रेघेत 'ई एल जी' आणि तारा असेल तर वस्तू बेल्जियमच्या लिएजची. वेब्लीने १८७२ मध्ये काढलेल्या छोट्या 'बुलडॉग'च्या ढिगाने नकला तिथे झाल्या. वरच्या पट्टीवर कलकत्त्याच्या रॉडा कंपनीचं किंवा आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सचं नाव दिसलं तर ते विकणाऱ्याचं, बनवणाऱ्याचं नव्हे. आणि इंग्रजी अक्षरंच चुकलेली असतील, 'एन' उलटा पडला असेल, तर ती सरहद्द प्रांतातल्या, आता पाकिस्तानात असलेल्या दर्रा आदमखेल गावच्या लोहारांची हातची नक्कल असू शकते. अशी वस्तू फुटायचा धोका सगळ्यात जास्त.

आता लायसनचा प्रश्न. इथे माझं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये कालबाह्य किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्राला सूट आहे, हे खरं. पण त्याच वाक्यात पुढे अट आहे: दुरुस्त करून किंवा न करता, कशानेही ते अग्निशस्त्र म्हणून वापरता येत नसलं पाहिजे. नुसतं वय पुरत नाही. तुमचं रिव्हॉल्व्हर तर वयातही बसत नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने अशा वस्तूला शंभर वर्षं पूर्ण व्हावी लागतात, आणि हे ऐंशीच्या घरातलं आहे. ही रचना इतकी चालती आहे की आपल्या आयुध निर्माणीने काढलेलं बत्तीस बोरचं रिव्हॉल्व्हर याच घराण्यातलं, आणि २०१४ मध्ये स्त्रियांसाठी म्हणून गाजलेलं कानपूरचं 'निर्भीक' सुद्धा.

त्याहून गंभीर गोष्ट बोरची. बत्तीसचं लायसन जिल्हाधिकारी देऊ शकतात. ज्यात फौजेचं .३८० किंवा .४५५ चं काडतूस बसतं ते रिव्हॉल्व्हर 'प्रतिबंधित बोर' मध्ये मोडतं आणि त्याचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हातात असतो. तुमच्यावर '.३८' लिहिलं असलं तरी त्यात बसतं ते हेच .३८० चं काडतूस, म्हणून तुमचं या गटात येतं. विनापरवाना साधं अग्निशस्त्र ठेवण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षांची शिक्षा आहे, प्रतिबंधित शस्त्राला त्याहून बरीच जास्त. चार काडतुसांनाही परवाना लागतो. आठवण म्हणून एखादं देव्हाऱ्यात ठेवू असं कुणी म्हणालं तर तेही नको.

तुम्हाला घाबरवायचं नाही, पण वेळेचं भान द्यायचं आहे. नुसती वस्तू घरात असणं पुरेसं नाही, ती आहे हे त्या माणसाला माहीत असायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच सांगितलं आहे. दिवाळीपर्यंत तुम्हाला माहीत नव्हतं. आता सगळ्या भावकीला माहीत आहे आणि फोटो बाहेर गेला आहे. जितके दिवस जातील तितकी 'आत्ताच सापडलं' हे सांगायची तुमची जागा अरुंद होत जाईल.

काकांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. माझ्या वडिलांच्या नावावर बाराबोरची बंदूक होती. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा व्हायची, आणि पावती वडील पोथीत ठेवायचे. ते गेल्यावर ती पावती लवकर सापडली नाही आणि मी दोन महिने एका कचेरीच्या पायऱ्या चढले. वाईट कुणी वागलं नाही, पण प्रत्येक वेळी मीच काही लपवतेय असं मला वाटत राहिलं. ती धाकधूक मला ठाऊक आहे. तरीही कृष्णेत टाकणं हा मार्ग नाही. उन्हाळ्यात पाणी उतरतं, डोहात पोरं पोहतात, कोळ्यांची जाळी पडतात. वस्तू कुणाच्या तरी हाती लागेल, आणि फोटोतला नंबर तुमच्या भावाच्या फोनमधून निघालेला असेल. नंबर घासून काढू, असं कुणी सुचवलं तर तो त्याच कायद्याने वेगळा गुन्हा आहे.

मग काय करायचं. उद्याच तालुक्याच्या ठिकाणच्या फौजदारी वकिलांना भेटा, वस्तू न नेता. सोबत त्या पावत्यांचे गठ्ठे न्या. त्यात आबांचं लायसनचं पुस्तक, नूतनीकरणाची किंवा पूर्वी जमा केल्याची पावती निघते का ते आधी घरी बसून बघा. निघालं तर सगळंच हलकं होईल: परवानाधारक गेल्यावर शस्त्र जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याची तरतूद कलम २१ मध्ये आहे. लायसन वारसाला आपोआप मिळत नाही, त्याने स्वतः अर्ज करायचा असतो. काहीच निघालं नाही तर वकिलांमार्फत ठाण्याला लेखी कळवायचं: अमुक तारखेला वाटणीच्या वेळी ट्रंकेत सापडलं, हजर कोण कोण होते, आम्ही जमा करू इच्छितो, घरी येऊन पंचनामा करून घ्यावा. पिशवीत घालून मोटारसायकलवरून ठाण्यात नेऊ नका. वाटेत नाक्यावर अडवलं तर तुमचा हेतू कुणाला दिसणार नाही. पोलीस पाटलांना सोबत घ्या. गुन्हा दाखल होणारच नाही असं वचन मी देऊ शकत नाही, ते देणाऱ्यावर विश्वासही ठेवू नका. पण स्वतःहून कळवलेलं कागदावर असणं आणि छाप्यात सापडणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पंचनाम्यात मॉडेल, बोर, तिन्ही ठिकाणचे नंबर आणि प्रत्येक शिक्का लिहून घ्या, काडतुसांच्या बुडावरची अक्षरंसुद्धा, आणि पोच घ्या. वस्तूचा इतिहास तुमच्याकडे राहतो तो या कागदातूनच. पुढे ती सरकारी वस्तुसंग्रहालयात जावी अशी तुमची इच्छा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडच्या अर्जात तसं लिहा. भावाला तो फोटो पुसायला लावू नका, पण पुढे पाठवणं आणि त्या पाच लाखवाल्याशी बोलणं आजच बंद करायला सांगा.

आता आबा. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, "गोष्ट खोटी निघाली तर आबांचं काय राहील?" माझा जीव या वाक्यात अडकला. तुम्ही आबांचं सगळं मोठेपण एका लोखंडाच्या तुकड्यावर टांगलं आहे, आणि तो ओढून घेतला की ते खाली पडेल असं तुम्हाला वाटतं. २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात लंडनहून वाघनखं आली तेव्हा आपण सगळे रांगा लावून गेलो. ती महाराजांचीच आहेत हे खात्रीने सांगता येत नाही, असं खुद्द ज्यांनी ती पाठवली त्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने म्हटलं होतं. प्रतापगडावर जे घडलं त्याला त्याने धक्का लागला नाही, कारण त्याचा आधार त्या नखांत नव्हताच. आबांच्या बाबतीतही आधार दुसरीकडे शोधा. आबांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून पेन्शन होती का? केंद्राची योजना १९७२ ची, त्याच वर्षी ताम्रपटही दिले गेले. त्या अर्जासोबत तुरुंगवासाचे दाखले किंवा भूमिगत असल्याचे, सोबतच्या कार्यकर्त्यांनी दिलेले दाखले जोडावे लागत. ती फाईल जिल्हाधिकारी कार्यालयात मागता येईल. भूमिगत राहिलेल्या कित्येकांनी पेन्शन मागितलीच नाही, तेव्हा फाईल नसली तरी लगेच निष्कर्ष काढू नका. पत्री सरकारात काम म्हणजे हत्यार चालवणंच असं नव्हतं. निरोप पोचवणारी, भाकरी बांधून देणारी, रात्री वाट दाखवणारी, न्यायमंडळात बसणारी माणसं होती. आबा त्यातले असतील, आणि ट्रंकेतली वस्तू त्यांनी कुणाची तरी म्हणून सांभाळली असेल. तीही शक्यता मोकळी ठेवा.

वस्तू जमा व्हायच्या आधी एक दुपार आत्यांपाशी बसा आणि फोनवर त्यांचं बोलणं टिपून घ्या. "आबांनी कुणाकडून हिसकावलं?" असं विचारू नका, त्याचं उत्तर त्यांच्या तोंडी पन्नास वर्षं बसलेलं आहे. तुम्ही पहिल्यांदा कधी पाहिलंत, तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का, कोण कोण घरात होतं, ट्रंक तेव्हा कुठे होती, रुमाल हाच होता का, असं विचारा. आणि तो रुमाल नीट बघून ठेवा, ताई. हातसुताचा आहे का, कडेला काही नाव किंवा धोब्याची खूण आहे का. वकिलांना विचारून तो धुण्याआधीच वेगळ्या कागदात गुंडाळून ठेवा. कापडाला लायसन लागत नाही.